जिओथर्मल हीट पंप: गोव्याच्या जमिनीत एसीची उष्णता मुरेल का?

पोफळीखाली
नमस्कार मंडळी.

फोंडा तालुक्यात, सावईवेरें बाजूला आमचे वडिलोपार्जित घर आहे. चिऱ्यांच्या जाड भिंती, मंगळुरी कौले, मध्ये राजांगण, मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. चवथ झाली की चार खोल्या पाहुण्यांसाठी काढायचा विचार आहे. पाहुणे म्हटले की एसी आलाच, एप्रिल-मेमध्ये त्याशिवाय कोणी राहायचे नाही.

गेल्या मे महिन्यात आईच्या खोलीत एक टनाचा स्प्लिट बसवला. बाहेरचे युनिट मागच्या पडवीच्या भिंतीवर आहे. आईला गारवा मिळाला, पण रात्री पाटाचे पाणी वाहताना ऐकू यायचे ते बंद झाले. आई म्हणाली, "कोणीतरी रात्रभर जाते ओढतेय असे वाटते." अशी पाच जाती घराभोवती टांगायची माझी तयारी नाही. लोक या घरात येणार ते त्या शांततेसाठीच.

आत्येभाऊ कॅनडाहून आला होता. त्याच्या घराबाहेर असे काहीच टांगलेले नाही म्हणे. जमिनीत पाइप पुरलेत, मशीन तळघरात, हिवाळ्यात घर गरम आणि उन्हाळ्यात थंड. हे आपल्याकडे चालेल का? आमच्याकडे मोठी बांय (विहीर) आहे, जागाही आहे. कोणी गोव्यात किंवा कोकणात केले असेल, किंवा यातले कळत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

बकुळ
वाचतेय. म्हापशाला आमच्याही घरी हाच विषय चालू आहे.

एक शंका. जिओथर्मल म्हटले की मला तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडे आठवतात. गोव्यात तसे पाणी कुठे आहे? आणि थंडाव्यासाठी गरम पाणी कशाला हवे?

सुरंगी
बकुळ, हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. यासाठी पोटात लाव्हा असलेली जमीन लागत नाही. तुरळ, वज्रेश्वरी, मणिकरण, लडाखमधली पुगा ही खोलातून वर येणारी उष्णता. हीट पंप वापरतो ती अगदी साधी, आपल्या पायाखालची जमीन.

मी मूळची मडगावची, गेली अकरा वर्षे स्वीडनमध्ये, उप्सालाजवळ. आमच्या घराला १६० मीटरचा एक बोअर आहे. त्यात इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला प्लास्टिकचा पाइप सोडलाय, एका बाजूने पाणी खाली जाते, दुसऱ्या बाजूने वर येते. पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळलेले असते. बाहेर उणे पंधरा असले तरी तिथला खडक सात-आठ अंशांवर असतो. पाइपातले पाणी तेवढी ऊब उचलून आणते.

सात अंशांच्या पाण्याने घर कसे तापणार, असे आईने मला फोनवर विचारले होते. तिला सांगितले, फ्रिजच्या मागे हात लावून बघ. आत भाजी गार असते आणि मागची जाळी कोमट लागते. फ्रिज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून मागे टाकतो. हीट पंप तेच करतो. आतला गॅस जमिनीच्या ऊबेवर उकळतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्यामुळे तो तापतो आणि ती उष्णता घरात देऊन परत द्रव होतो. विजेचे एक युनिट कॉम्प्रेसरला लागते, तीनेक युनिटांइतकी उष्णता जमिनीतून येते, घराला मिळतात चार. हीटरच्या कॉइलला एक युनिट दिले तर एकच मिळते.

उन्हाळ्यात हेच चक्र उलटे फिरवता येते, घरातली उष्णता जमिनीत टाकायची. आम्ही तर कॉम्प्रेसरही लावत नाही, नुसते बोअरचे गार पाणी खोल्यांत फिरवतो. हिवाळाभर उष्णता काढून घेतल्याने तो खडक आधीच थंड झालेला असतो.

कल्पना नवी नाही. जमिनीतून उष्णता घेण्याचे पेटंट झोएली नावाच्या स्विस माणसाने १९१२ साली घेतले. आज स्वीडनमध्ये अशी लाखो घरे आहेत. जमिनीतला पाइप पन्नास वर्षे टिकतो असे धरतात, आतले मशीन वीस-पंचवीस. बाहेर पंखा नाही, आवाज नाही.

पोफळीखाली
सुरंगीताई, आता नीट कळले. "बाहेर पंखा नाही, आवाज नाही" हे वाक्य आईला वाचून दाखवले.

नागपुरी_संत्रे
मी एसी डिझाइनच्या कामात आहे, मोठ्या इमारतींच्या. उत्साहावर पाणी टाकायचे नाही, पण गोव्याचा हिशेब स्वीडनच्या हिशेबाने करू नका.

दिवस-रात्रीचा फरक जमिनीत हातभर खोलीवरच मावळतो. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक दहा मीटरच्या आसपास संपतो. त्याखाली जमिनीचे तापमान म्हणजे त्या गावच्या हवेची वर्षाची सरासरी, जेमतेम एखाद-दुसऱ्या अंशाने इकडेतिकडे. पणजीची सरासरी सत्तावीसच्या आसपास. गंमत म्हणजे आमच्या नागपूरचीही तेवढीच. म्हणजे खोलात दोन्ही गावांची जमीन सारखीच!

पण मे महिन्यात दुपारी आमच्या गच्चीवरचे कंडेन्सर, म्हणजे एसीचे बाहेरचे युनिट, पंचेचाळीस अंशांच्या हवेत उष्णता टाकत असते. ते सत्तावीसच्या जमिनीत टाकायला मिळाले तर केवढा फरक. तुमच्याकडे दुपारची हवा तेहतीस-चौतीस. फायदा आहे, पण आमच्या निम्माही नाही.

आता रात्रीचे. पाहुण्यांच्या खोल्यांचे एसी चालणार रात्रीच. मेच्या रात्री गोव्याची हवा सव्वीस-सत्तावीसपर्यंत उतरते. मग जमीन आणि हवा सारख्याच. हवेवरच्या युनिटला स्वतःच्या आसपासच्या हवेपेक्षा बारा-पंधरा अंश जास्त तापावे लागते, पाण्यावरच्याला आठ-दहा. या चार-पाच अंशांत ढोबळमानाने दर अंशाला दोन-तीन टक्के वीज वाचते. त्यासाठी बोअर मारायचे का, हे तुम्ही ठरवा. आणि बोअर खोदाई हाच यातला सगळ्यात मोठा खर्च.

बकुळ
अरेरे. मी तर नवऱ्याला धागा पाठवूनही दिला होता.

गॅसवाला
मी एसी दुरुस्तीचे काम करतो, बार्देशात, जास्त करून किनाऱ्यावर. संत्रेसाहेबांचा हिशेब नवीन युनिटचा आहे. मी तिसऱ्या वर्षीचे युनिट बघतो.

समुद्रापासून पाव किलोमीटरवर बसवलेल्या आउटडोअरची ॲल्युमिनियमची पाती दोन पावसाळ्यांनंतर बोटाने दाबली की पापडासारखी चुरतात. ब्रश मारायलाही भीती, ब्रशबरोबर पातीच येते. पाती गेली की हवा लागत नाही, कॉम्प्रेसर तापतो, बिल वाढते, मग गॅस गळतो. गेल्या महिन्यात एका गेस्टहाउसमध्ये सहाच्या सहा कॉइल बदलल्या, युनिटे पाच वर्षांचीही नव्हती. त्या सहा कॉइलचा ढीग टेम्पोत भरताना हाताला पांढरी भुकटी लागली होती, ती साबणानेही लवकर जाईना.

जमिनीत एचडीपीईचा, म्हणजे जाड प्लास्टिकचा, पाइप असेल तर त्याला खारी हवा काय करणार? मशीन घरात, कोरड्या खोलीत. माझ्या मते गोव्यात याचा खरा फायदा हा. सावईवेरेंला खारे वारे नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण कळंगुट-कोलव्याच्या लोकांनी हा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे.

चिरेबंदी
मी जुनी घरे दुरुस्त करतो, त्यामुळे थोडे स्पष्ट बोलतो.

पोफळीखाली बाब, तुमच्या घराला चार टनांचा एसी लागतो आहे, कारण कौलांखाली काही नाही. दुपारभर तापलेले कौल रात्री खोलीत उष्णता ओतते. पूर्वी माळा होता, त्यावर भाताची कणगी, सुके नारळ, गवत असायचे. तो माळा म्हणजेच इन्सुलेशन. आता लोक माळा काढतात, उंच छप्पर छान दिसते म्हणून, आणि मग त्या उंचीतली सगळी हवा एसीने गार करतात. आधी फळ्यांचा माळा परत घाला, वर चार बोटे इन्सुलेशन टाका, पश्चिमेच्या भिंतीला पडवी द्या. मग मोजा किती टन लागतात. माझा अंदाज निम्मे.

आणि जमिनीचा गारवाच हवा असेल तर हीट पंपाशिवायही घेता येतो. गुरगावजवळ ग्वाल पहाडीला टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेच्या संकुलात चार मीटर खोल बोगदे पुरलेत, हवा त्यांतून खेळवून खोल्यांत सोडतात. कॉम्प्रेसरची भानगडच नाही.

नागपुरी_संत्रे
माळ्याबद्दल शंभर टक्के सहमत. बोगद्याबद्दल नाही. गुरगावला कोरडी लू चाळीसच्या वर असते, ती बोगद्यातून तिशीच्या खाली आली तरी माणूस सुखावतो. गोव्यात मुळात हवा बत्तीस-तेहतीस, आणि घाम येतो तो दमटपणामुळे. सत्तावीसच्या बोगद्यातून आलेली हवा तेवढीच दमट राहणार. तिच्यातले पाणी काढायचे तर चोवीस-पंचवीसच्या खाली गार करावी लागते, ते गोव्याच्या जमिनीच्या हातात नाही. तिथे कॉम्प्रेसर हवाच.

शेवंती
संत्रेदादा बरोबर सांगतात. आमच्या सासरी काणकोणला एका हौशी इंजिनिअरने असा बोगदा करून दिला होता. पहिल्या मिरगानंतर पाइपात बुरशी. खोलीत ओल्या गोणपाटाचा वास. दोन वर्षांत तोंड बुजवून टाकले.

आणि चिरेबंदी बाब, रागावू नका, पण "जुन्या घरांना एसी लागतच नाही" हे कोणी म्हणाले की मला माझ्या सासूबाई आठवतात. त्यांना दम्याचा त्रास. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आधी जी घुसमट होते, त्यात त्यांना रात्र रात्र बसून काढावी लागायची. कौले, माळा, राजांगण सगळे होते. पण रात्रभर झोप मिळाली ती एसी आल्यावर.

चिरेबंदी
शेवंतीताई, मुळीच रागावलो नाही. एसी नको असे माझे म्हणणे नाही, लहान लागावा एवढेच. आजारी माणसाच्या खोलीला तर पहिला मान.

भूजल
उशिरा आलो. आयुष्यभर विहिरी आणि बोअर मोजण्याचे काम केले, आता निवृत्त आहे. दोन गोष्टी सांगतो, एक जमिनीची, एक तुमच्या बांयची.

सुरंगीच्या पत्रात एक मोलाची ओळ आहे: हिवाळाभर उष्णता काढून घेतल्याने खडक आधीच थंड असतो. तिथे जमिनीशी देवघेव चालते. सहा महिने उसने घ्यायचे, सहा महिने फेडायचे. अमेरिकेत इंडियानातल्या बॉल स्टेट विद्यापीठाने कोळशाचे बॉयलर काढून सुमारे ३,६०० बोअर मारले ते याच भरवशावर. गोव्यात आपण जमिनीला फक्त उष्णता देणार, परत कधीच मागणार नाही. बंद पाइपांची बोअर कोरड्या जांभ्यात किंवा त्याखालच्या शेडीच्या (मऊ चिकणमातीच्या) थरात मारलीत तर ती उष्णता तिथेच साठते. पहिली दोन वर्षे छान, मग दरवर्षी पाणी थोडे थोडे गरम परत येऊ लागते. चार टनांना म्हणजे चौदा किलोवॉट गारव्याला, कॉम्प्रेसरची भर धरून सतरा किलोवॉट उष्णता जमिनीत टाकावी लागेल. युरोपात मीटरला पन्नास वॉट धरतात, त्या मापाने साडेतीनशे मीटर खोदाई. आपल्या गरम जमिनीत त्याहून जास्त.

आता बांय. समजा तीन मीटर व्यासाची आहे आणि चार मीटर पाणी. म्हणजे अठ्ठावीस हजार लिटर. पाणी एसीतून फिरवून परत त्याच बांयत सोडले, आणि सतरा किलोवॉटचे यंत्र रात्री आठ तास पूर्ण जोरात चालले, तर सकाळी बांयचे पाणी चार अंशांनी तापलेले असेल. दुसऱ्या रात्री आणखी. झऱ्याचे नवे पाणी येत नसेल तर आठवड्यात तुमची बांय आंघोळीच्या लायकीची होईल. झरे वाहते असतील तर चित्र एकदम बदलते. म्हणून मला तापमानापेक्षा आधी हे सांगा: मे महिन्यात पाणी उपसले तर किती वेळात भरून येते?

कायद्याचेही बघा. गोव्यात २००२ चा भूजल नियमन कायदा आहे, नवी विहीर किंवा बोअर परवानगीशिवाय मारता येत नाही. पाणी काढायचे नसले आणि नुसता पाइप पुरायचा असला तरी आधी जलसंसाधन खात्यात जाऊन विचारा.

बकुळ
भूजलकाका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला. इतके सोपे करून कोणी सांगितले नव्हते.

डिचोलीकर
थोडे अवांतर, पण मनात आहे म्हणून लिहितो.

आमच्या तालुक्यात खाणींचे खंदक पाण्याने भरून पडलेत. २०१२ ला खाणी थांबल्या, मग २०१८ ला परत. माझे बाबा ट्रकवर होते. त्या खंदकांकडे बघितले की आजही पोटात कालवते. पण हॉलंडमध्ये हेरलेन म्हणून गाव आहे, तेही खाणींचेच, कोळशाच्या. बंद पडलेल्या खाणींत पाणी भरले, आणि २००८ पासून ते गाव त्याच पाण्यावर इमारती गरम आणि थंड करते. ज्या खाणीने घर चालवले तीच परत कामाला आली.

आपल्या खंदकांत केवढे पाणी आहे! जवळपास शीतगृह काढले, किंवा काजू-आंब्याचा प्रक्रिया कारखाना, तर त्याची उष्णता तळ्यात बुडवलेल्या पाइपांतून सोडता येणार नाही का? भूजलकाका, हे मूर्खपणाचे असेल तर तसे सांगा.

भूजल
मुळीच नाही. बुडवलेल्या पाइपांची पद्धत जगात सर्रास वापरतात, तिला तळ्याचा लूप म्हणतात. हेरलेनचे पाणी भूमिगत बोगद्यांत आहे, आपले उघड्यावर. उघड्या पाण्याचा फायदा असा की रात्री वाफ होऊन ते स्वतःच थंड होते, म्हणजे साठणाऱ्या उष्णतेची अडचण राहत नाही. अटी दोनच, खंदक खोल हवा आणि शीतगृह जवळ हवे, पाइप किलोमीटरभर नेण्यात अर्थ नाही. काही गावांचे पिण्याचे आणि शेतीचे पाणी या खंदकांतून येते, तिथे मात्र हात लावू नये. तुम्ही हा विषय पंचायतीत मांडा. मी यायला तयार आहे.

डिचोलीकर
काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. देव बरें करूं.

माटोळी
मी एका किनारी हॉटेलच्या इंजिनिअरिंग विभागात आहे. एवढी चर्चा झाली पण गरम पाण्याचा कोणी उल्लेखच केला नाही!

हॉटेल एकीकडे एसीतून उष्णता बाहेर फेकते आणि दुसरीकडे पाहुण्यांच्या आंघोळीला, लाँड्रीला, स्वयंपाकघराला डिझेल जाळून पाणी तापवते. ही बाहेर फेकलेली उष्णता पकडून पाणी तापवणारे यंत्र आमच्याकडे लागले. पहिल्याच महिन्यात डिझेलचा बॉयलर दिवसातून एकदाच पेटवावा लागला. भूजलकाका म्हणतात ती देवघेव गोव्यात हिवाळ्याशी होणार नाही, पण बाथरूमशी होऊ शकते. हॉस्पिटल, वसतिगृह, मोठे हॉटेल, जिथे दिवसभर थंडावा लागतो आणि दिवसभर गरम पाणीही, तिथे हीट पंप दोन्ही हातांनी काम करतो.

नागपुरी_संत्रे
माटोळी, मुद्दा लाखमोलाचा. चार खोल्यांना लावून बघितला. आठ पाहुणे, माणशी चाळीस लिटर, सत्तावीसवरून पन्नास अंशांपर्यंत. साडेआठ युनिटांइतकी उष्णता होते. गिझरचे तेवढे युनिट रोज वाचतील. पण रात्रभरात टाकायची उष्णता एकशे छत्तीस युनिटांची, त्यातला हा सोळावा भाग. हॉटेलात लाँड्रीमुळे गणित जमते, घरात बाकीच्या उष्णतेला दुसरी वाट लागेल. अर्थात पूर्ण जोर आठही तास लागत नाही, खोली गार झाली की यंत्र मंदावते. निम्मे धरले तरी वाट लागणारच.

पोफळीखाली
दोन दिवस नव्हतो, माफ करा. सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले, तिने तीनच गोष्टी विचारल्या.

आधी मोजमाप सांगतो. कळशीत थर्मामीटर ठेवून दोरीने बांयत सोडला, तळापर्यंत, दहा मिनिटे ठेवला. पहाटे सहाला वर काढला तेव्हा साडेसत्तावीस. दुपारी दोनला पुन्हा सोडला, परत साडेसत्तावीस. तेव्हा पडवीत चौतीस होते. संत्रेदादांनी नागपुरात बसून सांगितलेला आकडा माझ्या कळशीतून निघाला, अंगावर काटा आला.

आईचा पहिला प्रश्न: बांयत मासे आहेत, पूर्वीपासूनचे, पाणी तापले तर त्यांचे काय? दुसरा: गरम झालेले पाणी आपण पिणार का? तिसरा: पोफळींना पाणी कमी पडणार नाही ना?

पाटपाणी
तुमच्या आईच्या तिसऱ्या प्रश्नातच उत्तर आहे!

केरीला आमचे कुळागर आहे. डिसेंबरपासून मेपर्यंत आपण पाणी उपसतोच. रोज. ते बांयतून निघते आणि पोफळींच्या आळ्यांत जाते, परत बांयत येत नाही. एसीचा मोसमही तोच! मग परत सोडायचेच कशाला? बांयचे पाणी आधी यंत्रातून जाऊ दे, तिथे पाच अंश गरम होऊ दे, आणि मग पाटाला लागू दे. साडेबत्तीस अंशांचे पाणी म्हणजे मेच्या दुपारी पाटात उन्हाने तापलेल्या पाण्याएवढेच. पोफळीला काही होत नाही. जी वीज उपशाला आजही जाते, तीच दोन कामे करील.

माशांना धक्का नाही, पिण्याच्या पाण्याला धक्का नाही, आणि साठण्याचा प्रश्नच संपला.

शेवंती
वा! पाटपाणी, तुमच्या हाताला सोन्याचे कडे घाला.

गॅसवाला
आयडिया आवडली, पण जोडणाऱ्याच्या बाजूने सांगतो. कुळागराचा पंप दोन तास धो धो चालतो. एसीला आठ तास थोडे थोडे पाणी लागते. मेळ कसा?

पाटपाणी
वरच्या बाजूला टाकी किंवा तळी असेल तर प्रश्न नाही. रात्रभर छोट्या पंपाने हळूहळू पाणी यंत्रातून टाकीत चढवायचे, सकाळी व्हॉल्व्ह उघडून पाट सोडायचा.

नागपुरी_संत्रे
हिशेब: सतरा किलोवॉटला पाच अंशांच्या फरकाने तासाला सुमारे तीन हजार लिटर. पूर्ण जोरावर आठ तासांचे चोवीस हजार. चिरेबंदींच्या माळ्याने एसी निम्मा झाला तर बारा हजार. टाकी बांधताना हा आकडा धरा.

आणि माझे पहिले मत थोडे बदलतो. बोअरचा खर्चच नसेल आणि बाहेरचा पंखाही जाणार असेल तर वीज किती वाचते हा एकच निकष राहत नाही. दुपारी चालवलात तर वीस-पंचवीस टक्के वाचेल, रात्री फारसे नाही. शांतता मात्र पूर्ण मिळेल.

गॅसवाला
मग आता काम कसे करायचे ते ऐका. बांयचे पाणी थेट मशीनमध्ये घालू नका. आपल्या पाण्यात लोह असते, लाल गाळ धरतो. मध्ये प्लेटचा हीट एक्स्चेंजर घाला, बांयचे पाणी एका बाजूने, मशीनचे स्वच्छ पाणी दुसऱ्या बाजूने. आधी गाळणी, आणि दोन्हीकडे व्हॉल्व्ह, म्हणजे वर्षातून एकदा उघडून धुता येईल. पाण्यावरचे घरगुती मशीन दुकानात ठेवलेले नसते, मागवावे लागते, आणि दुरुस्त करणारा जवळ आहे का ते आधी विचारा. मशीन रबराच्या पायांवर, चिऱ्याच्या खोलीत ठेवा. पाण्याचा प्रवाह थांबला की मशीन बंद पडेल असा स्विच हवाच. वीज जाऊन आली आणि पंप सुरू झाला नाही तर कॉम्प्रेसर जळतो. मी असा एक जळलेला उतरवला आहे.

बकुळ
आणि पावसाळ्यात? तेव्हा कुळागराला पाणी नको असते.

भूजल
चांगला प्रश्न. पावसाळ्यात गोव्यात तीन मीटर पाऊस पडतो, बांय काठोकाठ असते, झरे जोरात. तेव्हा तेच पाणी उताराला, बांयपासून लांब, मुरवणीच्या खड्ड्यात सोडावे. ते जमिनीतच जाते. पाणी वाया घालवले नाही आणि बांयही तापली नाही. पण माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. उपसा चाचणी केलीत का?

सुरंगी
मलाही तेच ऐकायचे आहे. आईला सांगा, उप्सालातूनही एक जण बांयकडे डोळे लावून बसली आहे.

पोफळीखाली
केली. काल, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात, बांय सगळ्यात खाली असताना.

संध्याकाळी सहाला दोरीला गाठ मारून पाण्याची पातळी धरली. तासाला तीन हजार लिटरच्या वेगाने चार तास उपसा केला, टाकी नाही म्हणून पाणी सरळ पाटात. दहा वाजता पाणी गाठीपासून पाऊण हात खाली होते. पंप बंद केला. पहाटे चारला आई उठली, मीही टॉर्च घेऊन गेलो. पाणी गाठीला लागले होते. थर्मामीटर साडेसत्तावीस.

चिरेबंदी बाब शनिवारी माळा बघायला येताहेत. सुतार आधी, मशीन नंतर, असे ठरले. पहिल्यांदा फक्त दोन खोल्या आणि आईची खोली पाण्यावर घ्यायच्या, टाकी वरच्या आगरात. पडवीवरचे युनिट त्या दिवशी मीच उतरवणार आहे.

भूजल
पाऊण हात, आणि सहा तासांत भरले. बांय उत्तम आहे. ती गाठ सोडू नका, पुढच्या मेमध्ये तिथेच मोजा आणि इथे लिहा.